वृद्धाश्रमाच्या प्रवेशअर्जावर सही कोणाची?

होटगी रस्ता आणि विजापूर रस्ता यांच्या मधोमध पसरलेले जुळे सोलापूर हे शहराचे धाकटे भावंड. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, रेल्वे आणि वीज मंडळातील नोकरदार यांनी येथे भूखंड घेतले, कर्ज काढून टुमदार घरे बांधली, मुलांना शिकवले. ती मुले पुण्याला, बंगळुरूला आणि काही सातासमुद्रापार गेली. अनेक घरांत आता दोनच माणसे उरली आहेत. त्यांतले एक गेले की मागे राहिलेल्याचे काय, हा प्रश्न संध्याकाळच्या फिरण्यात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत आणि परदेशातून रात्री येणाऱ्या दूरध्वनीवर हमखास निघतो. पूर्वी 'वृद्धाश्रम' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. आता संकोच कमी झाला असला, तरी चर्चेचा रोख फारसा बदललेला नाही. आईवडिलांना तेथे ठेवावे की ठेवू नये, एवढ्यावरच ती घोटाळते. एकदा ठेवल्यावर त्या माणसाचे तेथील हक्क कोणते आणि ते कोण सांभाळणार, याविषयी क्वचितच कोणी बोलते.

पाटी एक, अर्थ दोन

आसरा चौकातून आत वळले की 'नर्सिंग होम' अशा पाट्या दिसू लागतात. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ खासगी दवाखाना किंवा प्रसूतिगृह असा होतो. अमेरिकेत हाच शब्द वृद्ध व परावलंबी माणसांच्या कायमच्या निवासासाठी वापरतात. फरक केवळ शब्दाचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु कायद्याची सगळी फोड याच ठिकाणी आहे. खासगी दवाखान्याला १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. शहरात ती महापालिकेकडे होते, तिची मुदत असते, नूतनीकरण असते. या अधिनियमाखालील नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद तसेच तक्रार निवारणाची तरतूद त्यांत आली. दोन दिवसांसाठी दाखल होणाऱ्या रुग्णाला इतके संरक्षण आहे.

त्याच गल्लीत, एखाद्या बंगल्यात वीस वृद्ध वर्षानुवर्षे राहत असतील तर? संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर धर्मादाय कार्यालय तिचे हिशेब तपासते. अंथरुणाला खिळलेल्या आजींची कूस कोणी बदलली, हे त्या हिशेबात येत नाही. शासनाचे अनुदान असेल, तर समाजकल्याण खात्याची तपासणी होते. दोन्ही नसेल, तर मालकाच्या सद्‌बुद्धीवर भिस्त. ज्येष्ठांसाठी संसदेने केलेल्या २००७ च्या अधिनियमाच्या मूळ मजकुरात खासगी वृद्धाश्रमांना सक्तीच्या परवान्याची तरतूद नाही. ती आणण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. वृद्ध निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. परंतु ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते मंजूर झाले नाही.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. १९४९ च्या अधिनियमातील शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजारी व जखमी यांच्याबरोबरच शारीरिकदृष्ट्या दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणारी जागाही येते. त्यामुळे जो वृद्धाश्रम नळीवाटे अन्न देतो, लघवीची पिशवी बदलतो, इंजेक्शने देतो आणि त्यासाठी परिचारिका नेमतो, त्याने 'आम्ही दवाखाना नाही' असे म्हणून हात झटकणे कायद्याच्या भाषेत सोपे नाही. प्रवेश घेण्यापूर्वी 'आपली नोंदणी नेमकी कशाखाली आहे', हा प्रश्न म्हणूनच विचारावा आणि प्रमाणपत्राची प्रत मागावी. चांगली संस्था ती भिंतीवर लावते.

करार कोणाशी?

या संपूर्ण विषयात सर्वांत दुर्लक्षित कागद कोणता असेल, तर तो प्रवेशअर्ज. बहुतेक ठिकाणी तो मुलगा भरतो, सही मुलगा करतो, धनादेशही त्याचाच. ज्याला तेथे राहायचे, जेवायचे, आजारी पडायचे आहे, त्याचे नाव अर्जात 'प्रवेशिताचे नाव' या रकान्यापुरते येते. कागदोपत्री ही एका वस्तूची सोय दुसऱ्याने लावल्यासारखी व्यवस्था झाली. पुढच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे. खोली बदलायची तर संस्था मुलाला विचारते. आजोबांना चार दिवस बहिणीकडे जायचे असेल, तर परवानगी मुलाची. औषध बदलले, ते मुलाला कळते, आजोबांना नाही. बुद्धी शाबूत असलेल्या प्रौढ माणसाच्या वतीने असा निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने मुलाला दिलेला नाही. वय वाढले म्हणून संमतीचा अधिकार संपत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की अर्जावर निवासीची स्वतःची सही किंवा अंगठा असावा आणि कराराची एक प्रत त्याच्या कपाटात असावी. करार मराठीत, वाचता येईल अशा टाइपात असावा. सोलापुरात मराठीइतकीच घरोघर तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलली जाते. सही करणाऱ्याला तो त्याच्या भाषेत वाचून दाखवला, अशी नोंद साक्षीदारासह असेल तर उत्तमच.

करारात काय असावे, याबाबत अनामत रकमेचा मुद्दा सर्वांत वादाचा ठरतो. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत अनामत घेतली जाते. निवासी सहा महिन्यांत परतला किंवा दगावला तर किती रक्कम, किती दिवसांत, कोणाच्या नावे परत मिळणार, हे आकड्यांत लिहिलेले हवे. 'नियमानुसार' हा शब्द चालवून घेऊ नये. दुसरा वाद मासिक शुल्काचा. चालता-फिरता माणूस दाखल होतो, वर्षभराने पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि शुल्क दुप्पट होते. परावलंबित्व वाढल्यावर दर किती वाढेल, रुग्णालयात नेण्याचा खर्च कोणाचा, सोबत कोण थांबणार, हे आधीच ठरलेले असावे. तिसरा आणि सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा म्हणजे संस्थेने बाहेर काढण्याचा. 'वर्तन योग्य नसल्यास प्रवेश रद्द करण्यात येईल' असे एक वाक्य असते, आणि त्या एका वाक्याच्या धाकाने माणसे तक्रार करीत नाहीत. अमेरिकेत १९८७ च्या सुधारणा कायद्यानंतर अशा निवासांना सर्वसाधारणपणे ३० दिवसांची लेखी पूर्वसूचना, कारणासह, द्यावी लागते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते. आपल्याकडे कायद्याने असे बंधन नसले, तरी करारात तशी अट घालून घेण्यास कोणाचीही मनाई नाही.

पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा येथे लागू होतो. मुलाने पैसे भरले असले, तरी त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी आई कायद्याच्या व्याख्येनुसार 'ग्राहक'च ठरते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. निव्वळ मोफत सेवा या कायद्यात बसत नाही. मात्र काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच मोफत रुग्णालाही ग्राहक मानले आहे. तोच तर्क अशा वृद्धाश्रमांबाबतही मांडता येईल.

चार भिंतींच्या आत

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये वृद्धांसाठीची तत्त्वे स्वीकारली. निवारा, शुश्रूषा वा उपचार यांसाठी कोणत्याही संस्थेत राहताना वृद्धाची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा आणि खासगीपणा यांचा आदर राखला जावा, तसेच आपली देखभाल आणि आपले जगणे यांबाबतचा निर्णय त्याला घेता यावा, असे एक तत्त्व त्यात आहे. वाचायला भारदस्त वाटते. प्रत्यक्षात ते न्हाणीघराच्या कडीपर्यंत येऊन पोचते. आजींना आंघोळ घालायला मावशी आहे की मामा? कपडे बदलताना पडदा ओढला जातो का? आलेले पत्र, मोबाइल, देवाची तसबीर, स्वतःचे पांघरूण ठेवू देतात का? किमान सोयींबाबत केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत शयनकक्षात प्रत्येकी साडेसात चौरस मीटर, म्हणजे साधारण ८० चौरस फूट, जागेचा निकष आहे. तो निकष शासकीय वृद्धाश्रमांसाठी असला, तरी खासगी ठिकाणी मोजपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. दोन खाटांमधून चाकाची खुर्ची जात नसेल, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही.

फाटकाला कुलूप असणे हा आणखी एक नाजूक विषय. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रस्त्यावर निघून जाईल, ही भीती खरी आहे. विजापूर रस्त्यावरची वाहतूक पाहिली की ती पटते. परंतु एका माणसासाठी लावलेले कुलूप इतर एकोणीस जणांना कोंडते. शुद्धीवर असलेल्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली अन्यायकारक बंदिवासाचा गुन्हा आहे, मग उद्देश काळजीचा का असेना. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पाहायला जावेसे वाटणे हा ऐंशीच्या वयातील लहरीपणा नाही. त्यासाठी रिक्षा आणि सोबत माणूस देणे शक्य असते, इच्छा असेल तर.

कुलपापेक्षा गंभीर गोष्ट बांधून ठेवण्याची. रात्री खाटेवरून पडू नये म्हणून जुन्या साडीने हात खाटेला बांधणे किंवा झोपेची गोळी देऊन गप्प करणे, हे 'सुरक्षिततेसाठी' या नावाखाली घडू शकते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ ने या बाबतीत स्पष्ट रेषा आखली आहे. तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच, उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या आदेशाने, आवश्यक तेवढाच वेळ आणि नोंद ठेवून रुग्णाला बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. हा नियम मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे. मनोरुग्णालयात जे करता येत नाही ते वृद्धाश्रमात कसे चालेल, हा प्रश्न मात्र कोणीही विचारू शकतो. भेटीला गेल्यावर मनगटाकडे पाहावे. पाठीकडेही पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, असा शुश्रूषेचा सर्वमान्य दंडक आहे. कंबरेच्या खाली आणि टाचांना पडलेल्या जखमा हा दंडक मोडल्याच्या खुणा असू शकतात. त्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून कूस बदलल्याची नोंदवही मागावी.

सोलापूरचा उन्हाळा हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. पारा ४३ अंशांवर जातो आणि उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. माणूस पाणी मागत नाही आणि दुपारपर्यंत ग्लानीत जातो. वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलेल्या या शहरात संस्थेची साठवण टाकी किती लिटरची, टँकर कोणाकडून येतो, पिण्याचे पाणी वेगळे का, हे विचारणे आगंतुकपणाचे ठरू नये. आंघोळ एक दिवसाआड होणार असेल तर तसे आधी सांगितले जावे. जेवणाबाबत तक्रारी सर्वत्र असतात, त्यांतल्या निम्म्या घरच्या आठवणीच्या असतात. पण दात नसलेल्या माणसापुढे ज्वारीची कडक भाकरी ठेवणे ही आठवणीची तक्रार नाही. स्मृतिभ्रंशात माणूस नंतर शिकलेली भाषा आधी विसरतो आणि मातृभाषेकडे परततो. पूर्व भागातून आलेल्या आजी मराठी विसरून फक्त तेलुगूत पाणी मागू लागल्या, तर ते समजणारी एक तरी मावशी पाळीवर असायला हवी.

आणि छायाचित्रे. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त वृद्धाश्रमात फळवाटप झाले, की एका केळ्याला सहा हात लागलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. ते छापणाऱ्यांत आम्हा वृत्तपत्रांचाही समावेश आहे. केळे घेणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. त्याच्या जुन्या शेजाऱ्यांना, विद्यार्थ्यांना तो कोठे राहतो हे कळू नये अशी त्याची इच्छा असू शकते. छायाचित्रासाठी निवासीची संमती आवश्यक, अशी पाटी काही ठिकाणी दर्शनी भागात लावता येईल. तिला खर्च काहीच नाही.

पेन्शनचे पासबुक

जुळे सोलापुरातील बऱ्याच ज्येष्ठांना निवृत्तिवेतन आहे, आणि म्हणूनच ते कोणाच्या हाती पडते हे पाहावे लागते. एटीएम कार्ड मुलाकडे, पासबुक संस्थेकडे आणि निवृत्तिवेतनधारकाच्या हाती महिन्याला पाचशे रुपये, अशी वाटणी झाली की माणूस स्वतःच्या पैशांवर परावलंबी होतो. सही करता न येणाऱ्या वृद्ध खातेदाराला साक्षीदारांसमक्ष अंगठा उठवून पैसे काढण्याची सोय बँकांनी ठेवली आहे. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच प्राथमिक बँकसेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सूचना दिल्या. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येत असल्याने 'बँकेत नेता येत नाही म्हणून पेन्शन थांबली' ही सबब आता टिकत नाही.

कुलमुखत्यारपत्राबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वडिलांनी शहाणपणाने मुलाला मुखत्यार नेमले की कायमची सोय झाली, असे लोक समजतात. वस्तुतः करार कायद्यानुसार मुखत्यार नेमणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, की मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. त्यानंतर पालकत्वाच्या आदेशासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ कुटुंबांवर येते. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्याबरोबर, माणूस अजून समजून सही करू शकतो तोवर, मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवावी, असे सांगण्यामागे हेच कारण आहे.

घराचे काय? महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर मुलगा, मुलगी वा नातवंडांना बक्षीस द्यायचे तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. सोय चांगली, पण तिने घाईही सोपी केली. 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपल्या मुलांत सारे वाटून देणाऱ्या गणपतराव बेलवलकरांसाठी मराठी प्रेक्षक डोळे पुसत आला आहे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मात्र तो बेलवलकरांसारखाच वागतो. २००७ च्या अधिनियमाचे कलम २३ त्याच्या मदतीला येऊ शकते. मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. ही अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात न्यायालयाने अधिक उदार अर्थ लावून बक्षीसपत्र रद्द केले आणि घराचा ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते, हेही स्पष्ट केले. तरीही बक्षीसपत्रातच 'देणाऱ्याचा तहहयात सांभाळ करण्याच्या अटीवर' असे शब्द घालणे सर्वांत सुरक्षित. वृद्धाश्रमात राहायला गेल्याने हा हक्क संपत नाही.

फाटकापाशी जबाबदारी संपत नाही

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून अमलात आला. त्याखालील राज्याचे नियम २०१० मध्ये आले. चरितार्थात अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार येत असल्याने वृद्धाश्रमाचे शुल्क मुलांकडून मागता येते. मुलगी विवाहित असली तरी आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी तिच्यावरही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात ठरवले होते. निपुत्रिक ज्येष्ठाला, ज्या नातेवाइकाकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढे वारसाहक्काने जाणार आहे, त्याच्याकडे मागणी करता येते.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा. ज्येष्ठाला स्वतः जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. म्हणजे शुल्क थकलेल्या निवासीला बाहेर काढण्याऐवजी त्याच्या वतीने अर्ज करण्याचा मार्ग वृद्धाश्रमालाही मोकळा आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस मिळतात. दरम्यान अंतरिम भत्ता मागता येतो. कमाल रक्कम महिना १० हजार रुपये. ती २००७ मध्ये ठरली आणि आजच्या शुल्कांपुढे तोकडी पडते, हे सांगायला तज्ज्ञ नको. आदेश मोडल्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. निकाल मान्य नसलेल्या ज्येष्ठाला ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावरील अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. कलम २४ स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे. ज्येष्ठाची देखभाल ज्याच्याकडे आहे, अशा कोणीही त्याला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. 'कोणीही' या शब्दात मुलगा येतो, तशी वृद्धाश्रमाची व्यवस्थापनेही येतात.

लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या वेतनातून ३० टक्के कपात सुरू केली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. वेतनातून कापता येईल असा मुलगा सगळ्यांनाच असतो असे नाही.

शहराची दुसरी बाजू

जुळे सोलापुरातून उड्डाणपूल ओलांडून पूर्व भागात गेले, की निवृत्तिवेतनाचे हे सारे विवेचन निरर्थक वाटू लागते. बंद पडलेल्या गिरण्यांचे कामगार, यंत्रमागावर आयुष्य काढलेले विणकर, हजारो विड्या वळताना बोटे वाकडी झालेल्या स्त्रिया यांचे म्हातारपण या शहरातच आहे. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये एक हजार रुपये झाले. श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील निराधारांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुंभारीच्या माळावर कामगारांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, रे नगरातील १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या, ही मोठी गोष्ट आहे. पण डोक्यावरचे छप्पर पाणी तापवून देत नाही.

याच माणसांसाठी २००७ च्या अधिनियमात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा, असे ते सांगते. वाक्यात 'शकेल' अशा अर्थाचे क्रियापद असल्याने ते बंधन आहे की सदिच्छा, यावर वाद झाला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिष्ठा, निवारा आणि आरोग्य हे वृद्धांचे हक्क जीविताच्या मूलभूत हक्काशी जोडले आणि प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रम किती, याची माहिती राज्यांकडून मिळवण्यास केंद्राला सांगितले. राज्याच्या समाजकल्याण खात्याची स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी वृद्धाश्रम योजना तर १९६३ पासूनची आहे आणि १९९५ मध्ये तिच्या जोडीला मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. अनुदानित संस्थेतील निवासी 'लाभार्थी' म्हणून ओळखला जातो. लाभार्थी हा शब्द लागला की तक्रार म्हणजे कृतघ्नता ठरते, आणि फुकट जेवणाऱ्याने भाजीला मीठ कमी आहे असे म्हणू नये, अशी आपली एक सामाजिक समजूत आहे. करदात्यांच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेतील माणूस शुल्क भरणाऱ्यापेक्षा कणभरही कमी हक्कदार नाही.

तक्रार कोणाकडे?

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ पासून आहे. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत ती निःशुल्क चालते. गुन्हा घडत असेल तर ११२. निर्वाहाच्या आणि मालमत्तेच्या प्रश्नांसाठी प्रांताधिकारी, अनुदानित संस्थेविषयी समाजकल्याण सहायक आयुक्त, न्यासाच्या गैरकारभारासाठी धर्मादाय कार्यालय, शुल्क आणि अनामतीसाठी ग्राहक आयोग. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण पात्र व्यक्तींना मोफत वकील देते आणि ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय स्तरावर २०१६ ची स्वतंत्र योजनाही आहे. दारे इतकी आहेत. अडचण ही, की दारापर्यंत पोचणाऱ्याला तक्रारीनंतर रात्री त्याच खोलीत, त्याच मावशीच्या हाती झोपायचे असते. म्हणून तक्रार बाहेरच्याने करणे अधिक उपयोगाचे. ठरावीक रविवारी न जाता अवेळी जाणारा भाचा, जुना सहकारी, ज्येष्ठ नागरिक संघाचे दोन सभासद, यांच्या फेरीने जे सुधारते ते अनेकदा नोटिशीनेही सुधारत नाही. भेटीची वेळ जेवणाची निवडावी. निवासीशी दहा मिनिटे एकट्याने बोलता आले पाहिजे. कोणी कर्मचारी सतत शेजारी उभा राहत असेल, तर तीच एक माहिती समजावी.

काही हक्क तक्रारीवाचून, केवळ कागद वेळेवर केल्याने मिळतात. सत्तर पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे स्वतंत्र कार्ड काढता येते. मतदार यादीत वृद्धाश्रमाचा पत्ता नोंदवता येतो आणि ८५ वर्षांवरील मतदारांना २०२४ च्या निवडणुकांत निवासस्थानीच मतदानाची सोय होती. वृद्धाश्रमात राहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी लागू आहेत, पण अर्ज भरून देणारा कोणी असावा लागतो.

प्रवेशअर्जाच्या शेवटी एक रकाना असतो, जो भरताना सगळेच नजर चुकवतात. अत्यवस्थ झाल्यास रुग्णालयात न्यायचे का, कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवायचे का, निधन झाल्यास निरोप प्रथम कोणाला, अंत्यविधी कोणी आणि कोणत्या रीतीने करायचे, की देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला द्यायचा. मुलाने अंदाजाने हा रकाना भरू नये. निवासीने स्वतः सांगावा, आणि मत बदलले तर खोडून पुन्हा सांगावा. परदेशातील मुलाला जुळे सोलापूर गाठायला दीड-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळासाठी शीतपेटी कोठून येणार आणि तिचे भाडे कोणी द्यायचे, हेही त्याच रकान्यात लिहून ठेवावे.